वेशीच्या आत

“नाक जड पायजे आणि शेपूट हलकं,” असं म्हणत बाबांनी पाण्याचा कॅन डब्याच्या मागच्या कोपऱ्यातून उचलला आणि पुढच्या भिंतीशी आणून ठेवला. त्यामागोमाग गॅसची शेगडी, तांदळाची पिशवी, बॅटरी. “उलटं झालं की डबा शेपूट हलवायला लागतो. आणि एकदा हलवायला लागला की त्यो गाडीचं ऐकत न्हाई.”

आई पुढच्या बाकावर उशांना टेकून पडली होती. “जड नाकाच्या माणसाबरोबर जन्म काढलाय मी,” ती म्हणाली. “डब्याचं काय घेऊन बसलाय.”

बाबा हसले नाहीत. ते खाली उतरले आणि जीपच्या मागं वाकून आकड्याखालच्या दोन्ही साखळ्या पुन्हा ओढून बघू लागले. मघाशी त्यांनी त्या ओढून बघितल्या होत्याच.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर डेपोला. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली एक जुनी जीप घेतली. ती पेट्रोलची होती म्हणून तिला कुणी हात लावत नव्हतं. मग उद्यमनगरात हंबीर मिस्त्रींच्या शेडमध्ये वर्षभर खपून तिच्यामागं ओढायचा हा दोन चाकांचा डबा बांधला. आत झोपण्याएवढं बाक, ओटा, बेसिन आणि मागच्या भिंतीत मोठी खिडकी. खिडकी आईनं मागून घेतली होती. “पुढं काय येतंय ते तुम्ही बघा,” ती म्हणाली होती, “मला मागं काय गेलं ते बघू दे.” आयुष्यभर लोकांच्या सहली नेऊन आणणाऱ्या माणसानं बायकोला कुठं नेलं नव्हतं, त्याची ही भरपाई होती. डब्याचा निळा रंग वाळायच्या आत आईच्या पोटातल्या गाठीचं निदान झालं. सहल राहिली.

आता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं आणि आईनं घर म्हणून माहेरचं नाव घेतलं होतं. घाटाखाली, खाडीकाठी, तांबळवाडी. तिथं तिची थोरली बहीण, गोदामावशी, एकटी राहत होती.

आदल्या दिवशी मीच मावशीला फोन लावला होता. पलीकडं बराच वेळ कोंबड्यांचाच आवाज आला.

“आण तिका,” मावशी शेवटी म्हणाली. “पण एक लक्षात ठेव गो वैजू. बाहेर मेलेला माणूस वेशीच्या आत घेत नाय इथं. थेट खाडीवरच्या मसणात नेतत. आणि बायका मसणात जायत नाय. माझ्या घोवाक मुंबईसून आणलो तेव्हा मी शेताच्या बांधावरसून धूर बघितलंय, तोंड नाय बघूक मिळाला.” मग म्हणाली, “जित्ती आण. वेशीच्या आत जित्ती येऊदे, पुढचा मी बघतंय.”

फोन स्पीकरवर होता. आईनं सगळं ऐकलं. “आक्का पहिल्यापासून अशीच,” ती म्हणाली. “उशिरा आलं की दार लावून घ्यायची.”

ॲम्ब्युलन्स ठरवली होती, ती आईनंच परत पाठवली. ॲम्ब्युलन्समधून गेलं तर गावात शिरायच्या आधीच लोक रडायला लागतील, असं तिचं म्हणणं. आणि जीपमध्ये तिला बसवत नव्हतं. ती फक्त आडवी राहू शकत होती.

“चालत्या डब्यात माणूस बसत न्हाई,” बाबा म्हणाले होते. “कायदा न्हाई म्हणतो, आणि अक्कल पण न्हाई म्हणती. आकडा सुटला तर आत काय होईल?”

“काय होईल?” आईनं विचारलं. “मरेन?”

बाबा उठून बाहेर गेले. तासाभरानं परत आले ते हातात एसटीची जुनी घंटी आणि दोरीचं भेंडोळं घेऊन. घंटी जीपमध्ये स्टिअरिंगच्या वर बांधली आणि दोरी छतावरून, खिडकीच्या फटीतून आत आणून बाकाच्या वर सोडली.

“तू आईजवळ बसायचंस,” त्यांनी मला सांगितलं. “एक बेल म्हणजे थांब. डबल म्हणजे चल. बाकी काय बोलायचं न्हाई. आणि दोघींनी पुढंच राहायचं. मागं जायचं न्हाई.”

“तिकीट काढायचं का?” आईनं विचारलं.

“पास हाय तुझा,” बाबा म्हणाले.

सकाळी निघालो. मी दोरी दोनदा ओढली आणि डबा हलला. फाल्गुन संपत आला होता. रंकाळ्याच्या कडेनं बाहेर पडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ऊन चढायला लागलं. बाबा इतके सावकाश चालवत होते, की सायकलवरची शाळेची पोरं आमच्या बरोबरीनं येऊन खिडकीतून आत डोकावत होती. आईनं एकीला हात केला. त्या पोरीनं हँडल सोडून दोन्ही हात हलवले.

“पडेल कार्टी,” आई म्हणाली. खूश होती ती.

कळे मागं पडलं तशी तिला मागची खिडकी आठवली.

“वैजू, मला तिकडं ने.”

“बाबा नको म्हणालेत.”

“बाबा पुढं बघतायत. त्यांना काय कळतंय.” मग हळू आवाजात म्हणाली, “एकदा गं. बांधून झाल्यापासून एकदा पण बसले नाही मी तिथं.”

ती फार हलकी झाली होती. मी तिला काखेत हात घालून उठवलं आणि ओट्याला धरत धरत मागच्या खिडकीशी नेलं. तिथं एक पेटी होती, तिच्यावर बसवलं आणि पाठीमागून धरून मीही बसले. रस्ता आमच्याखालून निघून मागं मागं चालला होता. दोन्ही बाजूंना ऊस तुटलेली काळी शेतं, एका गुऱ्हाळाचा धूर, कुणाची तरी लाल साडी वाळत घातलेली. आई काचेला कपाळ टेकवून बघत राहिली.

“बघ,” ती म्हणाली. “असं दिसतं होय.”

साळवणच्या अलीकडं उताराचा सरळ रस्ता आहे. तिथं जीपनं जरा वेग घेतला आणि त्याच वेळी दुधाचा एक टँकर हॉर्न वाजवत आमच्या बाजूनं पुढं गेला. त्याच्या वाऱ्यानं डबा आधी टँकरकडं ओढल्यासारखा झाला, मग उलटा गेला, मग परत. प्रत्येक वेळी जास्त. ओट्यावरचं पातेलं खाली पडलं आणि या भिंतीकडून त्या भिंतीकडं घरंगळायला लागलं. खिडकीत रस्ता दिसेना, कधी शेत दिसे, कधी कडेची झाडं. मी आईला घट्ट धरलं आणि तिच्यासकट फरशीवर बसले. मग बसल्या बसल्याच तिला ओढत पुढं सरकू लागले. ब्रेक लागेल म्हणून मी अंग आवळून धरलं होतं. ब्रेक लागला नाही. गाडीचा आवाज तेवढा उतरत गेला, झोके लहान झाले, आणि बऱ्याच अंतरावर आम्ही एका वडाखाली थांबलो.

दार उघडलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मागं गेला होता!” ते ओरडले. “सांगितलं होतं का न्हाई? ब्रेकवर पाय ठेवला असता तर हे धूड आपल्यालाच ओलांडून पुढं आलं असतं! पाय हातानं उचलून बाजूला ठेवल्यागत ठेवला मी. तीस वर्षं ब्रेक दाबत आलेला पाय हाय हा!”

“ओरडू नका,” आई फरशीवरून म्हणाली. तिचे केस सुटले होते. “तिला काही बोलायचं नाही. मी नेलं तिला. बघून झालं माझं.”

बाबा दाराच्या पायरीवर बसले.

“परत फिरूया,” ते म्हणाले.

“आणि आक्का?”

बाबांनी बसल्या जागेवरून हात घालून घरंगळलेलं पातेलं सरळ करून ठेवलं.

“अहो,” आई म्हणाली, “इथून परत गेले तर मी पलंगावर मरणार, आणि तुम्ही घरातच असणार. ते पण चांगलंच आहे. पण मला आक्काच्या माजघरात मरायचंय. तिथं गार असतं.”

एवढं सरळ तिनं याआधी कधी म्हटलं नव्हतं. बाबांनी तिला दोन्ही हातांवर उचललं, बाकावर ठेवलं, केस मागं सारले आणि उशा दोन्ही बाजूंना खोचल्या. मग पुढं जाऊन बसले आणि माझ्या बेलची वाट बघत राहिले. मी डबल दिली.

गगनबावड्याला थांबून त्यांनी चाकांच्या मध्यावर तळहात ठेवून गरमी बघितली, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. मला चहा आणून दिला. आईला गोळी दिली होती, तिच्या डोळ्यांवर झापड आली होती. बाबांनी बशीत बोट बुडवून चहाचा थेंब तिच्या ओठांना लावला. ओठांवरून जीभ फिरली.

“साखर कमी आहे,” ती म्हणाली.

ते तिचं शेवटचं वाक्य. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, पण बाबा नेहमीसारखे लगेच वळले नाहीत. बशी हातात धरून जरा वेळ उभे राहिले.

“आता घाट,” ते मला म्हणाले. “दुसऱ्या गिअरात सोडणार मी, इंजिनच धरून ठेवंल. घाटात थांबायची पाळी आणू नको. उतारावर डबा मागनं रेटतोय. उभा राहिला तरी भार आकड्यावरच असतोय.”

“आणि काही झालं तर?”

बाबांनी माझ्याकडं बघितलं. “झालं तर एक बेल दे,” ते म्हणाले. “थांबीन मी.”

करूळ घाटात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. दरीतून गार वारा येत होता आणि जीपचं इंजिन एका सुरात कण्हत होतं. मी आईचा हात हातात धरून फरशीवर बसले होते. तिचा श्वास लांबायला लागला होता. एक येई, मग मी वाट बघे, मग दुसरा येई. मधलं अंतर वाढत चाललं. एका वळणावर डब्यात ऊन आलं, तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं आणि पुढच्या वळणावर बाहेर निघून गेलं. मी वाट बघत होते. नंतर मला कळलं, की मी बराच वेळ वाट बघते आहे.

मी उठले आणि दोरी ओढली. एकदा.

पुढं इंजिनाचा सूर बदलला. डबा किंचित पुढं रेटल्यासारखा झाला, आकड्यात लोखंडाचा आवाज झाला. बाबांचा पाय ब्रेकवर गेला होता. तेवढ्यात मला दिसलं, पुढं काय होणार ते. गाडी कड्याला लागून उभी राहील. बाबा दार उघडतील. ते बघतील. मग आम्ही तिघं, म्हणजे दोघं, इथून पुढं कुठं जाणार? वेस खाली आहे, आणि वेशीच्या बाहेरून खाडीकडं जाणारा रस्ता आहे.

मी परत दोरी ओढली.

दुसरी बेल. काही क्षण काहीच झालं नाही. मग इंजिन पुन्हा कण्हायला लागलं आणि डबा उतरत राहिला.

मी आईचे डोळे मिटले. ते अर्धवट मिटलेलेच होते. चादर गळ्यापर्यंत ओढली आणि दोन्ही उशा पुन्हा खोचल्या, कारण वळणांवर तिचं डोकं हलत होतं.

घाट संपल्यावर वैभववाडीच्या अलीकडं बाबा थांबले. मी दार आतून धरून बसले. सकाळपासून दर थांब्याला ते आधी मागं येऊन आईला बघत होते. या वेळी आले नाहीत. पाण्याच्या बाटलीचा, तोंड धुतल्याचा आवाज आला. मग ते डब्याच्या बाजूच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून.

“झोपलीय?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

“मग आता कुठं थांबत न्हाई.”

तांबळवाडीची वेस म्हणजे एक शेंदूर फासलेला दगड, वडाचा पार आणि पारावर बसलेले तीन-चार म्हातारे. निळा डबा बघून ते उठून रस्त्यावर आले. मी पडदा ओढून घेतला.

“पावणे, शेवंतीक आणलास?” कुणीतरी विचारलं. शेवंती हे आईचं माहेरचं नाव. “कशी हा?”

“दमलीय,” बाबांचा आवाज आला. “गोळी दिलीय. झोपलीय.”

“जावा, जावा. गोदा सकाळपासून दारात हा.”

जीप पुढं सरकली. मी पडद्याच्या फटीतून दगड मागं जाताना बघितला.

मावशी खरोखरच अंगणाच्या तोंडाशी उभी होती. शेजारच्या चार बायका तिच्याबरोबर होत्या. जीप थांबली तशी ती कुणाची वाट न बघता डब्यात चढली आणि दार मागं ओढून घेतलं. आत आम्ही तिघीच. मावशी बाकाशी वाकली आणि आईच्या गालाला पालथा हात लावला. मग गळ्याला. मग चादरीखाली हात घालून पाय चाचपले.

ती किती तरी वेळ तशीच वाकून राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. बाहेर बायका कुजबुजत होत्या. मावशीनं आता बाहेर जाऊन फक्त एक शब्द बोलायचा अवकाश होता. तिच्या गावात तो बोलणं हीच रीत होती, आणि ती रीत मोडल्याचं मी तिच्या बाबतीत कधी ऐकलं नव्हतं.

“वैजू,” ती न वळता म्हणाली, “घाटात वारो होतो काय गो?”

“होता.”

“तरीच गार पडली हा.”

तिनं आईच्या साडीचा पदर डोक्यावरून घेतला, हनुवटीखालून घट्ट ओढून कानामागं खोचला आणि हनुवटी वर दाबून तो एकदा पुन्हा बघितला. मग दार उघडून बाहेर ओरडली, “आत घेवा रे तिका! हळू! झोप मोडू नका!”

बाबांनी आणि शेजारच्या एका माणसानं चादरीसकट आईला उचललं. बाबा डोक्याकडं होते. ते पायऱ्या चढताना तिच्याकडं बघत नव्हते, पायरीकडं बघत होते.

माजघरात सारवलेल्या जमिनीवर गोधडी घातलेली होती. तिच्यावर आईला ठेवल्यावर मावशीनं सगळ्यांना बाहेर काढलं. “बहिणीक बहिणीकडे बोलायचा हा,” ती म्हणाली. एक बाई पेज घेऊन आली, ती मावशीनं दारातच घेतली. “भरवतंय मी.”

सगळी दुपार आतून मावशीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. कधी ती भांडत असल्यासारखी वाटे, कधी हसल्यासारखी, मध्ये बराच वेळ काहीच ऐकू येईना आणि मग परत सुरू होई. बाबा आणि मी पडवीत बसलो होतो. बाबांनी एकदाही आत जाऊन तिला बघू का, असं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, “बरा झाला हो, बोलूक तरी मिळाला.”

दिवेलागणीला मावशी बाहेर आली. तिच्या हातात पेजेचा रिकामा वाडगा होता.

“गेली,” ती म्हणाली. “आत्ता.”

आंघोळ तिनं एकटीनं घातली. दुसऱ्या कुणाला आईला हात लावू दिला नाही. “धाकटी माझी,” म्हणाली, आणि गावात तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं अंगणात पंचांग उघडून पाहिलं. “अष्टमी दुपारीच संपली,” त्यानं बाबांना सांगितलं. “म्हणजे वद्य नवमी धरा तिथी. सवाष्ण आणि नवमी, भाग्यवान बाई.” बाबांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी डबा सोडवला. आकडा काढला, साखळ्या काढल्या आणि ढकलत नेऊन मावशीच्या परड्यात फणसाखाली उभा केला. “चढाला हिला झेपायचं न्हाई,” ते जीपकडं बघत म्हणाले. जीपला ते नक्की झेपलं असतं.

ही सगळी बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दर वर्षी फाल्गुन वद्य नवमीला आमच्याकडं आईचं श्राद्ध होई. बाबा सगळं नीट करत, पान वाढत, कावळ्याची वाट बघत. त्याच्या आदल्या दिवशी मात्र ते जेवत नसत. पहिल्या वर्षी म्हणाले, पोट बिघडलंय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, भूक न्हाई. तिसऱ्या वर्षापासून मी त्यांचं ताट घेणं बंद केलं आणि माझंही घेतलं नाही. आम्ही दोघं समोरासमोर चहा पिऊन दिवस काढायचो. या विषयावर त्यांच्याशी माझं कधी एक वाक्यही झालं नाही.

बाबा या पौषात गेले, घरी, झोपेत. त्यांच्यानंतरची पहिली फाल्गुन वद्य अष्टमी परवा होऊन गेली. सुनं घर होतं. मी दिवसभर पुस्तक उघडं ठेवून बसले होते आणि एक पान वाचलं नव्हतं. संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिला आता ऐकू कमी येतं, म्हणून ती फोनवर ओरडते. पण त्या दिवशी ओरडली नाही.

“वैजू,” तिनं विचारलं, “जेवलंस गो आज?”

“नाही,” मी म्हणाले.



“मी पण नाय,” मावशी म्हणाली. “बारा वर्षां झाली.”